काचघरातली खरड छाटणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोला, सुमनलाही नाही. पलूसला परतल्यावर लोकांनी इंग्लंडचं विचारलं तेव्हा मी हिरवळ सांगितली, मेंढरं सांगितली. वेलीचं तेवढं गिळलं.

लेक स्वाती तिकडे नर्स आहे. एप्रिलमध्ये तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि एका खेड्यात आठवडाभरासाठी कॉटेज (सुट्टीपुरतं भाड्याचं छोटं घर) घेतलं. दगडी भिंती, बुटकं दार. पहिल्याच दिवशी चौकटीवर माझं डोकं आपटलं.

"आवं, हितं तरी वाका की जरा!" सुमन हसली.

मागे काचघर होतं, आत द्राक्षाची जुनी वेल. शेजारी राहणाऱ्या घरमालकीण हेलनबाईंच्या दिवंगत नवऱ्याने लावलेली. तिची निगा जॉर्ज करायचा, सत्तरी ओलांडलेला माळी. भाषा जुळत नव्हती, तरी आमचं जमलं. त्याने घरचे स्कोन (गोडसर, जाड पाव) आणले, मी शेंगदाण्याची चटणी दिली. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, तरी हात पुन्हा पुढे केला. मग मला काचघरात नेऊन वेल अशी दाखवली, जशी माणसं नातवंड दाखवतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी जॉर्ज गवत कापून गेला. मायलेकी नदीकाठी फिरायला गेल्या. माझा गुडघा दुखत होता, मी थांबलो.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे खरड छाटणी (द्राक्षं उतरल्यावर जुन्या काड्या पार मागे छाटणं). तीस वर्षांचा हात. खुंटीला कात्री होती. म्हटलं, म्हाताऱ्याचं काम हलकं करू. खरं म्हणजे आमचा हात कसा चालतो ते दाखवायचं होतं. तासाभरात वेल बोडकी केली. काड्या गोळा करताना कोवळ्या फुटीवर मोहरीएवढ्या दाण्यांचे घड दिसले. त्यांची छाटणी थंडीतच होऊन गेली होती. मी कापलं ते यंदाचं पीक होतं. कापांतून पाणी ठिबकायला लागलं. मी कात्री पुसली, खुंटीला लावली आणि घरात जाऊन बसलो.

दुपारी मायलेकी परतल्यावर हेलनबाईंचा चढलेला आवाज ऐकून आम्ही मागे गेलो. त्यांनी जॉर्जला बोलावून घेतलं होतं.

"काय म्हणत्यात गं?" सुमनने विचारलं.

"म्हणतायत, जॉर्ज, तुला आता महिनासुद्धा आठवेना?" स्वाती हळूच म्हणाली.

जॉर्ज टोपी हातात धरून एकेक काप बघत होता. मग काहीतरी पुटपुटला.

"मीच केलं असेल म्हणतोय. हल्ली विसरायला होतं म्हणे."

"लय वाईट वाटतंय बघा," सुमन मला म्हणाली. माझ्या अंगठ्यावर हिरवा डाग होता. मी हात खिशात घातला.

निघताना जॉर्जने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. मी तोच हात दिला.

परवा बागेत छाटणी चालू असताना शेजारच्या शिवाने विचारलं, "दादा, तिकडं द्राक्षं हाईत का वं?"

"न्हाईत," मी म्हणालो.

जॉर्ज अजून स्वतःच्या आठवणीवर संशय घेत असेल. काही ठेवलं की दोनदा जाऊन बघत असेल. ते मी त्याच्या मागे लावलं. स्वातीला खरं सांगून तिच्या तोंडून त्याला हे कळवायचं मी अजून देणं लागतो: तू काही विसरला नाहीस, वेल मी छाटली.