सुकट निवडलेला हात

कुंभार पिंपळगावच्या बाजारात माझी माय सुकट-बोंबील विकायची. बाप मजुरीला जायचा, पण मजुरी रोज मिळायची नाही आणि बाजार मात्र दर आठवड्याला भरायचाच, म्हणून आमचं घर मायच्या पाटीवर चाललं. एक खोली, वर पत्रे. त्यातच माल, त्यातच आम्ही चौघं. वास कपड्यांना, वह्यांना, केसांना. शाळेत माझ्या बाकावर दुसरं कोणी बसायचं नाही. मास्तरांनी एकदा एका पोरीला जबरदस्तीनं बसवलं, तर ती तास संपेपर्यंत ओढणी नाकाला लावून होती. मी ऐसपैस बाक मिळाला म्हणून खूश आहे असं दाखवायचे.

हवेत ओल आली की सुकटीला किडे लागतात. बोंबलाच्या आत अळी शिरते. किडका माल कोण घेणार? आणि फेकून द्यावा अशी आमची परिस्थिती नव्हती. मंग माय आणि मी दारातल्या उजेडात बसून एकेक बोंबील निवडायचो. सुरुवातीला मी अळीचं जे टोक बाहेर दिसेल ते धरून ओढायचे. अळी तुटायची, अर्धी आतच राहायची. माय हातावर चापट मारायची.

"शेपटीला काय धरतीस? बुडाला धर. जिथून घुसली तिथं चिमटीत धर अन् झटका देऊ नको. ती आपोआप सुटती."

दहा-अकरा वर्षांची असताना माझी बोटं त्यात तयार झाली. हे शिक्षण आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी जालन्याला वसतिगृहात राहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी बापानं गल्लीत पेढे वाटले आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं. पण नोकरी काही लागली नाही. शेवटी जालन्यातच एका मत्स्यालयाच्या दुकानात काम मिळालं. काचा घासायच्या, पाणी बदलायचं, मासे पिशवीत भरून द्यायचे. गावाकडं गेले की शेजारची काकू बराबर विचारायची, "काय करून राह्यली गं सध्या?" मी सांगितलं की तिचं ठरलेलं, "म्हंजे सुकटवालीची पोरगी शिकून मासेवालीच झाली म्हण की!" माय हसण्यावारी न्यायची. "वाळलेल्या मासोळीवरून जित्त्या मासोळीवर गेली, काकू. कमी हाये का?"

दुकानाच्या मालकाला सगळे भाऊ म्हणायचे. माणूस मनानं बरा, पण माशाच्या आजारातलं त्यांना एवढंच ठाऊक होतं: निळं औषध आणि मूठभर मीठ. काहीही झालं तरी हेच.

एक दिवस त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरून फोन आला. लोखंडाचा धंदा असलेलं मोठं घर. तिथं समोरच्या दालनात बाजेएवढी टाकी आणि तिच्यात एकच मासा, दोन हात लांब, चांदीच्या पत्र्यासारखा अरोवाना. घरातल्या आजींनी त्याला बोटाएवढा असल्यापासून सांभाळलेला. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. भाऊंनी मला पाणी उपसायला सोबत घेतलं आणि जाताना बजावलं, "तिथं अंडंसुद्धा शिजत नाही. तुझ्या घरचं काही बोलत बसू नको. सुकटीचं तर नावच काढू नको."

मासा कोपऱ्यात कलून उभा होता. शेपटीचा पर फाटून चिंध्या झालेला, कडा पांढऱ्या पडलेल्या. अंगावर खवल्यांच्या मध्ये लाल डाग, आणि प्रत्येक डागातून बारीक दोरा लोंबत होता.

"शेपूट सडली," भाऊ म्हणाले. "निळं औषध टाकू."

"भाऊ, ते दोरे बघा."

"कचरा आहे गं. पाण्यातला."

"कचरा न्हाई. किडा आहे. त्याचं डोकं आत मांसात रुतलंय."

हा किडा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटलीत पाहिला होता. जर्नलमध्ये त्याची आकृती काढली होती, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्यांसकट. दुकानदारीत त्याला अँकर वर्म म्हणतात. जहाजाच्या नांगरासारखं डोकं मांसात अडकवतो म्हणून. खाज सुटली की मासा अंग दगडावर घासतो. टाकीत शोभेचा दगडी किल्ला होता, त्याच्यावर घासून घासून पर फाटले होते आणि मंग सडायला लागले होते. शेपूट हा आजार नव्हताच, आजार ते दोरे होते.

पण हा किडा आला कुठून? कोरड्या खाद्यातून तो येत नाही. मी विचारलं, "याला जिवंत मासे कोण घालतं?"

मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. "आमच्या घरात? हा गोळ्या खातो आणि माझ्या हातचं पनीर खातो. दुसरं काही नाही."

दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरकाकांनी घसा खाकरला.

"मोठ्या बाई, रागावू नका. वाघाला तुम्ही पनीर घालून राह्यल्या. मला बघवत न्हवतं."

काका वर्षभर तलावातली बारकी मासोळी डब्याच्या खालच्या कप्प्यात घालून आणत होते. वरच्या कप्प्यात स्वतःची भाजी-भाकर, खाली माशाचं जेवण. दया म्हणून केलेलं, आणि त्याच पाण्यातून किडा आलेला. मोठ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे तो डबा माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचास तू?" हसावं की नाही ते कोणालाच कळेना.

मी सांगितलं, मासा गुंगीत आणून एकेक किडा हातानं काढावा लागेल. भाऊंनी मला बाजूला घेतलं. "एवढा मोठा मासा बाहेर काढून तू उपचार करणार? काचा घासणारी? मेला तर माझं गिऱ्हाईक गेलं. मंग तू उद्यापासून दुकानात येऊ नको."

"मी शिकलेय भाऊ ते."

"पुस्तकात."

मोठ्या बाई टाकीपाशी होत्या. त्यांनी काचेवर बोट टेकवलं, मासा एरवी धावत यायचा म्हणे, आज हलला नाही. "करू दे तिला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळं मांडलं. मोठा टब, त्यात टाकीतलंच पाणी. लवंगेच्या तेलाचे थेंब बाटलीत पाण्यात घुसळून थोडे थोडे ओतले. माझी नजर त्याच्या कल्ल्यांवर. कल्ल्यांची उघडझाप मंद व्हायला हवी, थांबायला नको. मासा कुशीवर वळला तेव्हा ओल्या टॉवेलात घेतला, डोळ्यावर ओलं फडकं ठेवलं. काकांनी डोकं धरलं.

आणि पहिलाच किडा मी घाईनं टोकाला धरून ओढला. तुटला.

"झालं!" भाऊ म्हणाले.

डोकं आत राहिलं तर तिथं पू होतो. त्या क्षणी मला ना जर्नल आठवलं ना कॉलेजातल्या मॅडम. मला दारातला उजेड आठवला आणि हातावरची चापट. बुडाला धर. मी चिमट्याचं टोक अगदी खवल्याच्या कडेला नेलं, तुटलेल्या किड्याचं बूड पकडलं, झटका न देता तसंच धरून ठेवलं. हळूच सुटला, डोक्यासकट.

बाकीचे मंग भराभर निघाले. दर एक-दोन किड्यांनंतर माशाला पाण्यात बुडवून घेत होते. एकूण अकरा. प्रत्येक जखमेवर कापसाच्या काडीनं आयोडीनचं औषध. शेपटीची मेलेली पांढरी कड धारदार कात्रीनं कापली, जिवंत भागाला हात न लावता.

नंतर त्याला स्वच्छ पाण्याच्या टबात घेतलं आणि तोंडाजवळ हवेची नळी धरली. कल्ले फार हळू हलत होते. मोठ्या बाई ओठातल्या ओठात काही पुटपुटत होत्या. भाऊ माझ्याकडं बघत नव्हते. बराच वेळ गेला, निदान मला तरी तसं वाटलं. मंग त्यानं ती कापलेली शेपूट अशी फटकन मारली की भाऊंचा शर्ट छातीपर्यंत भिजला.

मोठ्या बाई हसल्या, डोळे पुसले आणि विचारलं, "बेटा, हा हात कुठं शिकलीस?"

भाऊ मान हलवून नको म्हणत होते. पण खोटं बोलावं असं मला वाटेना. "माझी माय बाजारात सुकट विकते. तिच्यासोबत किडे निवडून शिकले. आणि कॉलेजात शिकले. दोन्ही."

भाऊंनी डोळेच मिटून घेतले. मंग मोठ्या बाई म्हणाल्या, "तर तुझ्या मायला सांग, तिच्या पोरीनं माझा मासा वाचवला."

काम तिथं संपलं नव्हतं. टाकीत किड्याचं औषध घातलं, पण त्यानं पाण्यातली किड्याची पिल्लं मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आणखी तीन आठवडे तोच डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागला. किल्ला बाहेर काढला. त्या घरी टँकरचं पाणी पाइप लावून थेट टाकीत सोडत, ब्लिचिंग पावडरच्या वासासकट. मी ड्रम मांडले, एक दिवस पाण्यात हवा सोडून पावडरचा वास घालवायचा, मंगच वापरायचं, तेही थोडं थोडं. पाणी साठवून वापरणं मला कोणी शिकवायची गरज नव्हती, मी त्यातच वाढले.

खाण्याचा प्रश्न उरला. मांस खाणारा मासा गोळ्या-पनीरवर किती दिवस काढणार? आणि तलावातली मासोळी तर बिलकुल नको. मी म्हटलं, बिनमिठाचा, उन्हात कडक वाळवलेला जवळा द्या, भिजवून. वाळला की त्यात हा किडा जिवंत राहत नाही. मोठ्या बाईंनी बराच विचार केला. मंग ठरलं असं की काका मागच्या अंगणात भिजवून आणतील आणि त्याचं जेवण होईपर्यंत मोठ्या बाई देवघरात बसतील. जवळा माझी माय निवडून देते. गावात तिनं शेजारच्या काकूला मुद्दाम थांबवून सांगितलं, "आमचा माल आता लोखंडवाल्याच्या बंगल्यात जातो. समोरच्या दालनात."

शेपटीला आधी काचेसारखा पातळ पडदा आला, मंग त्यात काटे उमटले, मंग रंग भरला. भाऊंनी त्यानंतर मला काचा घासायला लावलं नाही. दोन वर्षं त्यांच्याकडं आजारी मासे मीच बघितले. मंग त्यांनीच एक दिवस म्हटलं, "आता तुझं तू बघ. पण माझे मासे बिमार पडले तर फुकट बघायचे." मी कबूल केलं.

त्या अरोवानाच्या शेपटीवर आज एक चीर नाही. जालन्यात माझं स्वतःचं दुकान आहे. भोकरदन, घनसावंगीकडून लोक मोठे मासे टबात घालून माझ्याकडं आणतात. दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, आणि नावापुढं बी.एस्सी. लिहिलेलं आहे.