बोरीतली इटली

"काढू नका, काढू नका! चपला घालूनच या. बाग हाय ही, देऊळ न्हाई!"

फाटकात उभे राहून, दोन्ही हात हलवत काका ओरडायचे. तरी येणारा चप्पल काढायचाच. समोर दिसतंय ते नेमकं काय आहे, हेच कुणाला कळत नसे.

बोरी गावात काकांचं कापडाचं दुकान होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर, म्हणून त्यांचा हक्काचा श्रोता. लेकीनं आईवडिलांना इटली दाखवायचं ठरवलं. ऐनवेळी काकूंच्या गुडघ्यानं दगा दिला आणि काका एकटेच गेले. आले ते तिथल्या खेड्यातली एक बाग डोक्यात घेऊन.

"सर, तिथं नवरा-बायको बागेत कामाबिगर हिंडतेत. हिला दाखवायची राहिली बघा."

झालं! मळ्याचा एक तुकडा कामी आला. मेंदीची कातरलेली कुंपणं, उंच अशोकांच्या रांगा, दगडी पायऱ्या, मधोमध कारंजं आणि त्यात घागर घेतलेली दगडी बाई. कारंजं बोअरच्या मोटरीवर. त्यामुळे शेतीची लाईट आली की इटली सुरू, गेली की बंद.

"एकरी काय निघतंय?" लोक विचारायचे.

"काय बी न्हाई!" काका छाती फुगवून सांगायचे. असा शेतकरी तुम्ही तरी पाहिलाय का?

काकू मात्र तिकडे फिरकत नसत. "फळ न्हाई, फूल न्हाई. नुसता पाला कापायलेत." काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. गाव येऊन गेलं. जिच्यासाठी केली, तीच येईना.

एका मे महिन्यात मी तिथे असताना काकू अचानक आल्या. हातात ताट, ताटात हळदकुंकू, खण, नारळ. कारंज्यातली बाई नवसाला पावते, असं गावातल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं.

"अगं, देवी न्हाई ती. शोची बाई हाय!"

"तुमी गप बसा. बाईमाणूस रोज पाण्यात उभं, आन कपाळ मोकळं?"

काकूंनी ओटी भरली आणि प्रदक्षिणा सुरू केली. गुडघा कुरकुरला, तसा काकांनी त्यांचा हात धरला. काकूंनी दटावल्यावर चपलाही काढल्या. फरशी तापलेली, दोघं पाय उचलत चाललेले. माझ्यासमोरून जाताना काका हळूच म्हणाले, "हिंडायलोत बघा सर." इतका खूश माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. त्यांची आठवण फार येते.

यंदा उन्हाळ्यात बागेवर गेलो. लाईट नव्हती, कारंजं बंद होतं, दगडी बाईच्या कपाळी ताजं कुंकू होतं. सवयीनं मी फाटकात चप्पल काढायला वाकलो.

"काढू नका, सर," आतून काकू म्हणाल्या. त्यांच्या पायात चपला होत्या. "घालूनच या. बाग हाय ही."

काकांचं पुढचं अर्धं वाक्य त्या बोलल्या नाहीत.