अण्णाच्या नावाची डबी

आमच्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा कलबुर्गीच्या डॉक्टरांनी अण्णाला आणि मला, दोघा भावांना, समोर बसवून सांगितलं होतं. हा रोग बहुतेक वेळा आधी आतड्यात एका लहानशा कोंबासारखा असतो. दुर्बीण घालून पाहिलं की दिसतो, तिथल्या तिथे काढता येतो, आणि मग त्याचा कॅन्सर होत नाही. बापाला झालाय, तेव्हा तुम्ही दोघांनी तपासून घ्याच. आम्ही माना डोलावल्या. वडील गेले, आणि दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर अण्णानं विषयच बंद केला.

मी पिच्छा सोडला नाही. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, तुमच्यासाठी दुर्बीणच खरी, पण ती नकोच असेल तर निदान दरवर्षी शौचाची तपासणी तरी करा, डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात कळतं. बिदरच्या लॅबमधून मी दोन डब्या आणल्या, दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. हुलसूरला आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी मी डबी अण्णापुढे धरली, तर त्यानं विंचू दिसावा तसा हात मागे घेतला.

"ह्या तळहातावर लिंग ठिवून पूजा करतो मी. त्याच हातात हे धरू व्हय?"

अण्णाची इष्टलिंगाची पूजा तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. माझी पूजा म्हणजे आठवण झाली तर.

"मग उजव्या हातानं धर," मी म्हणालो.

"चावटपणा करू नको. तूच दोन्ही भरून टाक. एकाच बापाची लेकरं हाव की आपण."

मी हसलो, आणि भरल्या. त्या हसण्याची मला आज किळस येते.

दोन्ही रिपोर्ट साफ आले. येणारच होते, दोन्ही माझेच होते. पण अण्णाचा त्या कागदावर खरोखर विश्वास बसला. वर त्याचं नाव होतं ना! गिऱ्हाइकांना सांगायचा, "बापाला झालता, मला न्हाई." वर्षभरानं रक्त पडायला लागलं, तर म्हणाला, "उष्णतेनं जायलंय," आणि ठेचा सोडून ताक पिऊ लागला. दुर्बिणीचं नाव काढलं की, "रिपोर्ट साफ आलाय की." अण्णा, तो रिपोर्ट माझा आहे, असं मी एकदाच म्हणालो, तेही हळू, कारण समोर गिऱ्हाईक होतं. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकूनही सोडून दिलं.

शेवटी दुर्बीण घातली तेव्हा रोग यकृतापर्यंत गेला होता. दवाखान्यात आम्ही दोघेच असताना अण्णा म्हणाला, "पोराला डबीचं सांगू नको. माझ्या माघारी सांग."

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. अण्णाची बोटं मीच उघडली. तो तळहात शेवटपर्यंत स्वच्छ राहिला होता, आणि मला त्याचा इतका राग आला की रडूच आलं नाही.

आता दुकानात त्याचा मुलगा बसतो. चाळिशीला आलाय. त्यानं लवकर दुर्बीण करून घ्यावी, असं डॉक्टरांनी बजावलंय. परवा मी मनाशी सगळं जुळवून त्याच्यासमोर बसलो आणि आधी दुर्बिणीचं काढलं.

"कामून काका? अप्पांची तपासणी साफच आलती. काय उपयोग झाला?"

त्यानं खणातून तो कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय त्यानं, वडिलांची आठवण म्हणून. मी अण्णाचं नाव वाचलं. खालचे आकडे माझे होते.

"व्हय," मी म्हणालो, "साफच आलती." आणि कागद त्याच्या हातात परत दिला.