फ्रान्सचं फिरतं इंजिन

हाताची पाचही बोटं पसरून ते पंजा गरगर फिरवायचे आणि म्हणायचे, "दांडा न्हवं मास्तर, आख्खं इंजिनच फिरतंय!"

हे खासबागेतल्या पिठाच्या गिरणीचे मिस्त्री. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला विमानांच्या दुरुस्तीवर होते. तिथली इंजिनं फ्रान्सच्या एका कारखान्याची. फ्रान्स त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण "आमचा फरान्सचा कारखाना" असं म्हणायचे ते सासुरवाडीबद्दल बोलावं तसं. खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा झाली की भिंतीवर खडूनं काही परकी अक्षरं काढून त्यांनाही हळदकुंकू वाहायचे. इंजिनाच्या पितळी पट्टीवरची अक्षरं ती. त्यांना वाचता येत नव्हती, नुसती हातात बसली होती.

"आन् पितंय काय, ठावं हाय? एरंडेल! वासानं आमची पोटं लई बिघडायची."

दळणाला आलेल्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या.

अशाच एका खंडेनवमीला गिरणीचे मालक मला म्हणाले, "मास्तर, तुमी सायन्स शिकवता. आता तुमीच निकाल द्या."

मिस्त्रींनी किती आशेनं माझ्याकडे पाहिलं! आणि मी, पुस्तकातल्या चित्रापलीकडे इंजिन न पाहिलेला शहाणा, छाती काढून म्हणालो, "इंजिन बोल्टांनी घट्ट आवळलेलं असतं. फिरतो तो त्याच्या आतला दांडा."

गिरणीत हशा पिकला. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तुमचं बरोबर आसंल. तुमी शिकलेली मान्सं."

पुढच्या खंडेनवमीला भिंत कोरी होती. मला ते दिसलं, तरी प्रसाद घेऊन मी घरी निघून आलो.

दुसरं महायुद्ध संपता संपता शाळेत यंत्रांचं एक जुनं पुस्तक आलं. पान उलटलं आणि समोर तेच चित्र. दांडा विमानाला पक्का, आणि त्याच्याभोवती फिरणारं अख्खं इंजिन. फ्रान्सचंच. वंगणही एरंडेलाचं.

मिस्त्री तोवर गिरणी सोडून अनगोळला घरी बसले होते. पुस्तक काखेत मारून मी तडक तिकडे गेलो. चार महिन्यांपूर्वीच ते वारले होते. इतकी वर्षं मी चौकशीही केली नव्हती, मला कोण कशाला कळवणार?

त्यांच्या बायकोला, आक्कांना, मी चित्र दाखवलं. दारातल्या उजेडात धरून त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे खरंच फिरायचं व्हय वो?"

"व्हय, आक्का. त्यांचं खरं होतं. चुकलं ते माझं."

आक्का पानावरून हात फिरवत राहिल्या.

"तुमी न्हाय म्हटल्यालं, त्या दिवशी घरात येऊन मला इचारलं त्यांनी, 'तू तरी मानतीस न्हवं?'" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी बी हसलो वो तवा."