डाव्या कडेला वजनाचं पॅनल

शेषरावभाऊंनी मला प्रोग्रामिंग शिकवलं, हे आधी सांगते. ते गेल्याचं नंतर. नववीत शाळा सुटलेली तांड्यावरची पोरगी मी. हिंगोलीत बसस्टँडजवळच्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागले आणि तिथूनच पुण्याच्या नोकरीपर्यंत पोचले. अजूनही धाकधूक असते, कोणी दहावीचा निकाल मागितला तर... अडलं की भाऊंनाच फोन. महिन्यापूर्वी त्यांच्याच नंबरवरून फोन आला, पण आवाज वहिनींचा होता.

हळदीच्या आडतींसाठी भाऊंनी वजन-पावतीचा प्रोग्राम केला होता. त्यातली पॅनलं, म्हणजे वजन, दर असे माहितीचे चौकोन, माऊसनं ओढून स्क्रीनच्या कुठल्याही कडेला चिकटवता यायची, सुटी करता यायची. ऐकायला सोपं, करायला नुसता वैताग! संध्याकाळी नीट लावून जावं, सकाळी उघडावं तर भलतीकडेच. एकदा मी हळदीच्या ओलाव्याचं नवं पॅनल जोडलं, ते दर वेळी वजनावरच येऊन बसायचं. मी रडकुंडीला आले.

"नाव दिलं का त्याला?" भाऊ म्हणाले.

"दिसून राहिलं की वरती, 'ओलावा' म्हणून."

"ते लोकांसाठी. प्रोग्रामला वेगळं नाव द्या लागते, पोरी, त्यावरूनच तो त्याची जागा शोधते. बिननावाचं लेकरू जत्रेत हरवलं तर माईकवर काय पुकारशील?"

दुसरा नियम त्यांनी घोकूनच घेतला होता: कुठलं पॅनल कुठे, ही मांडणी कॉम्प्युटर एका नंबराखाली जपून ठेवतो; नवं पॅनल आलं की तो नंबर वाढवायचा, म्हणजे कॉम्प्युटर जुनी जपलेली मांडणी टाकून देतो आणि घोळ होत नाही.

तेराव्याला गेले, तर आडतीचे मुनीमजी मांडवातच भेटले. "ताई, वजनाचं पॅनल पुन्हा पळून राहिलं. सोमवारी बाजार हाय. मालक म्हनते, काढून टाका हे खटलं!" भाऊंचं काम असं काढून टाकू द्यायचं नव्हतं. मी वहिनींकडे दुकानाचं विचारलं.

वहिनींनी दुकान उघडून दिलं. दोन दिवस कोड चाळला, डोकं पिकलं. शेवटी सापडलं. आजारपणात भाऊंनीच एक पॅनल जोडलं होतं, आणि नंबर वाढवायचा राहून गेला होता. मला घोकायला लावलेला नियम, आणि स्वतःच... आधी चिडले, मग रडू आलं.

नंबर वाढवला. माझ्या लॅपटॉपवर तपासून नवा प्रोग्राम मुनीमजींकडे बसवला. पॅनल जागेवर राहिलं. परत येऊन भाऊंच्या मशीनवर जुनाच प्रोग्राम उघडला. वजनाचं पॅनल डावीकडे, अर्ध्या स्क्रीनएवढं. उजव्या डोळ्यानं त्यांना कमी दिसायचं.

"यावर न्हाई टाकत का नवा?" वहिनी दारातून म्हणाल्या.

टाकला असता, तर ही मांडणी पुसली गेली असती.

"आज न्हाई, वहिनी."

जुनी मांडणी न मोडता नव्यात उतरवायची, तर त्यासाठी वेगळा कोड लागतो. तो मला अजून जमत नाही, आणि विचारायला फोन कोणाला करू? पण भाऊ, एक दिवस तो लिहीन. सगळ्यात आधी तुमच्याच मशीनवर टाकीन. नवा प्रोग्राम उघडेल, आणि वजन डावीकडेच असेल.