मार्जिन ठेवलेली सायकल

नीलिमाच्या सायकलचा मी माझ्या हातानं जीव घेतला. हसू नका हो! चहा घ्या आणि ऐका, मला मात्र हे आठवलं की घोट कडूच लागतो.

नीलिमा म्हणजे आमची सौ. शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या कमाईतून तिनं निळी रेसिंग सायकल घेतली होती. आम्ही राहतो भोपाळला, आनंद नगरजवळ, आमच्या टर्बाइनच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. तिथल्या बायकांचा ग्रुप एका रविवारी सायकलनं भोजपूरला निघणार होता. नीलिमाचा सगळा जीव त्यात! पण उजवा गुडघा दुखायचा. डॉक्टर म्हणाले, पायडलचा दांडा आखूड लावा. लावला. आता पायडल अगदी खाली गेलं, तरी पाय पुरता सरळ होईना.

"अहो, सीट जरा वर करा, झालं," नीलिमा म्हणाली.

इतकं सोपं? मग मी टर्बाइनच्या डिझाइनमध्ये एवढी वर्षं काय गवत उपटलं?

"अगं, सीट वर केली तर सिग्नलला पाय टेकणार नाहीत. सीट तिथंच ठेवायची, पायडलचा आसच खाली आणायचा! फ्रेम कापून!"

"कापून?"

"तू बघच."

दीड सेंटिमीटर पुरे होतं. पण आमच्याकडे ड्रॉइंग एकट्यानं कधी पास झालंय? शेजारचे दुबेजी, तेही डिझाइनमधलेच, चष्मा चढवून म्हणाले, "भाईसाहब, मार्जिन तो रखिए!" म्हणजे हिशेबापेक्षा थोडं जास्तच. वाढवलं. डब्याच्या सुट्टीत आमचे साहेब म्हणाले, "वेल्डिंगमध्ये सरकेल रे, थोडं अजून ठेव." ठेवलं. मग वाटलं, मूळ डिझायनर आपण, आपलं मार्जिन कुठंय? तेही घातलं. दीडाचे चार झाले! टर्बाइनला हे मानवतं हो, सायकलचं कोण बघणार?

अशोका गार्डन वस्तीतल्या वेल्डरनं फ्रेमला करवत लावली. तेव्हाच थांबायला हवं होतं. का नाही थांबलो मी?

सायकल घरी आली. पायडल इतकं खाली गेलं होतं की नीलिमाचा पायच पोचेना. मग काय, सीटही खाली घेतली! ती वर करा म्हणाली होती, आठवतंय ना?

रविवारी सकाळी सगळा ग्रुप आमच्या क्वार्टरसमोर जमला. नीलिमा ऐटीत निघाली. दारासमोरच स्पीडब्रेकर. पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि मधलं दातेरी चाक खाड्कन ब्रेकरवर बसलं. सायकल जागच्या जागी, नीलिमा पुढं! इतके दिवस न दुखणारा डावा गुडघा फुटला. आणि जोडलेली फ्रेम पुन्हा उकलली, ती कायमचीच.

"तुम्ही व्हा पुढं," ती मैत्रिणींना म्हणाली. त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत ती रस्त्यावरच बसून बघत होती. मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिची ती नजर मला अजून सोसत नाही.

मी हात द्यायला वाकलो. ती ब्रेकरकडे बघून म्हणाली, "इतका उंच ब्रेकर कुणी घातला हो इथं?"

मी लगेच सायकल उचलायला वळलो. पण शेजारच्या दारात उभे दुबेजी कुठले गप्प बसतायत!

"भाभीजी, भाईसाहब ने ही तो खड़े होकर बनवाया था. ठेकेदार से बोले, थोड़ा मार्जिन रखना!"