कुबट वासाची वॉरंटी

कुबट वास मला कुणी शिकवायला नको. मानवतच्या मोंढ्यात आयुष्यभर ज्वारी, तूर विकली. व्यापारी पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे नाकाजवळ न्यायचा, आणि वास आला की पोतं बाजूला. तिथं कुणी म्हणत नाही की दाणा चांगला आहे, वास तेवढा सोडून द्या. वास आला म्हणजे माल खराब. एवढं साधं आहे. पण मोटारीवाल्यांना ते कळत नाही, नाहीतर कळून घ्यायचं नाही.

गाडी मी हौसेसाठी घेतली नाही. बायकोचे गुडघे गेले. एसटीची पायरी तिला चढवत नाही, आणि मागून कुणी ढकलून वर घातलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शनिवारी पोखर्णीला नृसिंहाला जायचा तिचा लग्नापासूनचा नेम, तो मोडला होता. म्हणून गाडी. मी ट्रॅक्टर हाकलेला माणूस, मला ड्रायव्हर कशाला लागतो?

पहिलं वर्षही सरलं नव्हतं, तोच एसी लावला की वास यायला लागला. ओल्या गोणपाटाखाली उंदीर मरावा आणि वरून बुरशी धरावी, तसा. लिहितानाही तोंडात पाणी येतं, थुंकायचं पाणी. एकदा वाटेत गाडी थांबवून बायकोनं बाभळीखाली ओकारी काढली. काच खाली करावी तर बाहेर फुफाटा, आणि तिला दमा.

"आता ह्या गाडीत मी बसत न्हाई," ती म्हणाली. "देवाला घरूनच हात जोडते."

मग मी परभणीला शोरूममध्ये गेलो. तिला तोंडाला ओला रुमाल बांधून सोबत नेलं, साक्षीला. काचेच्या खोलीत एक इस्त्रीच्या कपड्यातला साहेब बसला होता.

"बाबा, एसी गार करतोय ना?"

"गार करतो."

"मग एसी चांगला आहे. मशीन बिघडली, गॅस गळाला, तर वॉरंटी. वासाला वॉरंटी नसते. आतून साफ करून देतो, पण तो खर्च तुमचा."

"साहेब, तुमच्या घरी नासलेलं दूध गार हाय म्हणून पिता का?"

तो दात काढून हसला. मला त्या हसण्याचीच शिसारी आली. उठून त्यानं कसलातरी डबा घेतला आणि गाडीत सगळीकडं गुलाबाचा फवारा मारला. आता सडक्यावर गुलाब. बायकोनं नुसतं डोकं आत घातलं आणि मागं सरली.

"अवो, मढ्याला अत्तर लावल्यावानी झालं हे!"

मी म्हणालो, खोला. माझ्या डोळ्यांदेखत खोला. मेस्त्रीनं डाव्या सीटपुढचा कप्पा उतरवला आणि आतून हवा गाळायची जाळी ओढून काढली. सगळे एकदम मागं झाले. जाळी काळी, ओली, ठिबकत होती. झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल झालेला. तांदळाचे दाणे फुगून अळ्यांसारखे दिसत होते. मध्येच नारळाची शेंडी, तिच्यावर हिरवी लव.

साहेबाला जोर आला.

"नारळाचं पाणी कुठं ओतता बाबा?"

"काचेखालच्या जाळीवर. फुलं, अक्षता तिथंच. देवापुढं गाडी उभी केली की."

"झालं मग! तिथून हवा आत जाते. तुम्हीच घाण टाकल्यावर कंपनी काय करणार?"

घाण! देवाच्या फुलाला घाण म्हणाला. माझं टाळकं सरकलं. पण ओरडणार तेवढ्यात मधल्या काचेतून शोरूमचा पुढचा हॉल दिसला. तिथं एका कुटुंबाला नवी गाडी देत होते. शोरूमच्याच माणसानं नारळ फोडला, पाणी त्याच जाळीवर ओतलं, वर मूठभर पाकळ्या टाकल्या आणि फोटोला हसा म्हणाला. मी साहेबाचं मनगट धरून त्याला काचेपाशी नेलं.

"ते कोण ओतायलाय?"

"तो डिलिव्हरीचा विभाग आहे."

"मी ती जागा कुठून शिकलो? आमी बैलं पुजणारी माणसं, बैलाला काय काच असती का? गाडी देताना तुमच्याच माणसानं माझा हात धरून तिथं फूल ठिवायला लावलं. तवा म्हणाला का, बाबा, हितून वारा जातो?"

"आमचा विभाग सर्व्हिसचा आहे, बाबा."

असली माणसं. एक पाणी ओततो, दुसरा ते धुवायचे पैसे मागतो, आणि दोघांची ओळख नाही म्हणे! गटारसुद्धा खाली मान घालून वाहतं; हा माणूस माझ्याकडं बघून मान हलवत होता.

"एक पैसा देणार न्हाई," मी म्हणालो. "चल गं."

बायको मघाशीच तिथल्या खुर्चीत टेकली होती, ती उठली नाही.

"धुलाई ह्यांनी द्यावी का तुमी द्यावी, मला त्याचं काय? मला पोखर्णीला जायचंय. तुमचा हट्ट घिऊन तुमी घरी जावा. मी बसते हितंच."

मेस्त्री बघायलाय, साहेब बघायलाय. उभ्या आयुष्यात मी कुणापुढं वाकलो नाही, तिथं खिशात हात घालावा लागला. पैसे मेजावर टाकल्यासारखेच ठेवले. पण तसाच पुढच्या हॉलमध्ये गेलो आणि नव्या गाडीच्या मालकाला म्हणालो, "भाऊ, ती फुलं काढा आधी. आत जाऊन सडत्यात. मग हेच लोक नाक दाबून तुमच्याकडूनच पैसे घेत्यात."

नारळ फोडणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मालकानं काही विचारलं नाही, उपरणं काढलं आणि वाकून जाळी पुसायला लागला. त्याची बायको एकएक पाकळी वेचून ताटात ठेवत होती.

संध्याकाळी गाडी मिळाली. आत आता दवाखान्यासारखा वास होता. बायकोनं नाक वर करून हुंगलं, पुन्हा हुंगलं, मग तोंडाचा रुमाल सोडला आणि पाय लांब केले. मी गाव येईपर्यंत त्या साहेबाला शिव्या घालत होतो.

"बास करा की आता," ती म्हणाली. "शनिवारी किती वाजता निघायचं ते सांगा."